केमोकाइन रिसेप्टर म्हणजे काय? पेशींची ‘रेंज’ आणि एचआयव्हीचा दरवाजा

“काही लोकांना जन्मतःच एचआयव्ही होत नाही”, “एक जीन काढला की एड्सचा विषय संपला” अशा अर्थाच्या रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. त्यात थोडं खरं आहे, आणि अर्धवट खरं जास्त घात करतं. या दाव्यांच्या मुळाशी आपल्या पेशींवरचा एक छोटा भाग आहे, केमोकाइन रिसेप्टर. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण सिग्नल, रिसीव्हर आणि उघडे पोर्ट हे माझं रोजचं काम, त्यामुळे हा विषय त्याच भाषेत समजावून सांगतो.

केमोकाइन आणि रिसेप्टर: सोप्या भाषेत

आमच्या जामसंड्यात घरात नेटवर्क गेलं की माणूस फोन हातात धरून जिकडे दांड्या वाढतात तिकडे चालत जातो. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही असंच करतात. शरीरात कुठे जखम किंवा जंतुसंसर्ग झाला की तिथल्या पेशी छोटी प्रथिनं सोडतात. ही प्रथिनं म्हणजे केमोकाइन्स. जखमेजवळ त्यांचं प्रमाण जास्त, लांब गेलं की कमी. पांढरी पेशी वाढत्या सिग्नलच्या दिशेने सरकत जाते.

हा सिग्नल पकडणारा पेशीवरचा अँटेना म्हणजे केमोकाइन रिसेप्टर. हे प्रथिन पेशीच्या आवरणातून सात वेळा आत-बाहेर जातं. बाहेरच्या भागाला केमोकाइन चिकटलं की आतल्या यंत्रणेला निरोप मिळतो: “चल, या बाजूला.”

माणसात सुमारे ५० केमोकाइन्स आणि सुमारे २० रिसेप्टर आहेत. म्हणजे एकच रिसेप्टर अनेक सिग्नल ऐकतो. नावांना घाबरू नका. ‘सीसीआर-५’ म्हणजे ‘सीसी’ गटातला पाचव्या क्रमांकाचा रिसेप्टर, एवढंच.

ओळखीचं उदाहरण: आंब्याचा चीक

हापूस काढताना देठ ठेवतात, कारण देठ तुटला की चीक फळावर ओघळतो आणि डाग पडतो. हाच चीक काहींच्या हाताला किंवा ओठांच्या कडेला लागला की दुसऱ्या दिवशी लाल पुरळ येतं, खाज सुटते. चीक आज लागतो, मग त्रास उद्या का?

ज्यांना चिकाची ॲलर्जी आहे त्यांच्या शरीरातल्या टी-पेशींनी तो आधीच ‘शत्रू’ म्हणून सेव्ह केलेला असतो. चीक लागल्यावर त्वचेतल्या पेशी केमोकाइन्स सोडतात. सीसीआर-४ आणि सीसीआर-१० हे रिसेप्टर असलेल्या टी-पेशी तो सिग्नल पकडून त्वचेत जमा होतात. या जमवाजमवीला वेळ लागतो, म्हणून पुरळ उशिरा उठतं. काजूच्या टरफलातलं तेल आणि बिब्बा यांचा त्रासही याच कुळातला. आंबा, काजू, बिब्बा ही तिन्ही झाडं एकाच वनस्पतिकुळातली आहेत.

निरोगी शरीरात यांचं काम काय?

- सीसीआर-७: जंतूची माहिती घेतलेल्या पेशींना लसिका ग्रंथींपर्यंत नेतो. लस घेतल्यावर कधी कधी काखेत गाठ जाणवते, ती या ग्रंथींत काम सुरू झाल्याची खूण.
- सीएक्ससीआर-४: रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींना हाडांच्या मगजात धरून ठेवतो.
- सीसीआर-५: टी-पेशी आणि इतर संरक्षक पेशींना सूज असलेल्या जागी पोचवतो.

एचआयव्ही सीसीआर-५ मधून कसा शिरतो?

एचआयव्ही आधी टी-पेशीवरच्या सीडी-४ या प्रथिनाला चिकटतो. पण तेवढ्याने आत जाता येत नाही, दुसरी कडीही उघडावी लागते. ती कडी म्हणजे सीसीआर-५ किंवा सीएक्ससीआर-४, हे १९९६ मध्ये स्पष्ट झालं. आपल्या भाषेत सांगायचं तर पोर्ट शरीराच्या कामासाठी उघडा आहे, आणि मालवेअर तोच वापरतो. भारतात एचआयव्हीचा ‘सी’ हा उपप्रकार सर्वाधिक आढळतो आणि तो मुख्यतः सीसीआर-५ वापरतो.

आता रील्समधला खरा भाग. काही लोकांच्या सीसीआर-५ जीनमधली ३२ अक्षरं गळालेली असतात. याला ‘डेल्टा-३२’ म्हणतात. आई आणि वडील दोघांकडूनही असा जीन मिळाला तर पेशीवर सीसीआर-५ येतच नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांपैकी सुमारे १ टक्का असे आहेत. भारतात हा बदल फार दुर्मीळ आहे. आणि ज्यांच्यात तो आहे, त्यांनाही सीएक्ससीआर-४ वापरणाऱ्या विषाणूची लागण होऊ शकते. म्हणून “आपल्याला काही होत नाही” असं धरून चालणं म्हणजे पासवर्डशिवाय फोन बाजारात ठेवून येणं.

मग हा जीन काढूनच टाकला तर?

टिमोथी रे ब्राउन यांना एचआयव्ही आणि रक्ताचा कॅन्सर दोन्ही होते. २००७ मध्ये बर्लिनमध्ये त्यांना डेल्टा-३२ असलेल्या दात्याच्या मूळपेशी दिल्या गेल्या आणि त्यांचा एचआयव्ही परतला नाही. २०२० मध्ये कॅन्सर उलटल्याने त्यांचं निधन झालं. असं प्रत्यारोपण जिवावर बेतू शकतं, त्यामुळे ज्याला कॅन्सरसाठी ते लागणारच आहे अशाच रुग्णाच्या बाबतीत त्याचा विचार होतो.

२०१८ मध्ये चीनच्या हे च्यानक्वी यांनी भ्रूणातला सीसीआर-५ जीन बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्याचं जाहीर केलं. जगभरातून टीका झाली, २०१९ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. मुलींमधला बदल हुबेहूब डेल्टा-३२ सारखाही नव्हता. शिवाय सीसीआर-५ नसलेल्यांना वेस्ट नाइल विषाणूचा आजार जास्त त्रास देतो, आणि हा विषाणू केरळमध्ये आढळलेला आहे. पोर्ट बंद केला की त्यावर चालणारी सर्व्हिसही बंद पडते.

मलेरियाचा दरवाजा

लाल पेशींवर ‘डफी’ नावाचा, थोडा वेगळ्या धाटणीचा केमोकाइन रिसेप्टर असतो. व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी मुख्यतः त्यातूनच पेशीत शिरतो. पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेक लोकांच्या लाल पेशींवर डफी नसतो, त्यामुळे त्यांना व्हायवॅक्सपासून बरंच संरक्षण मिळतं. १९७६ मध्ये संशोधकांनी हा संबंध दाखवला. आपल्यापैकी बहुतेकांकडे डफी आहे, म्हणून पावसाळ्यात मच्छरदाणी आणि साचलेलं पाणी काढणं याला पर्याय नाही.

कॅन्सर आणि औषधं

स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर सीएक्ससीआर-४ मोठ्या प्रमाणात आढळतो. फुप्फुसं, हाडं अशा अवयवांतून येणाऱ्या सिग्नलमागे त्या तिकडे पसरू शकतात, असं २००१ मधल्या संशोधनात दिसलं. या रिसेप्टरांवर बेतलेली काही औषधं:

- मॅराव्हिरॉक (२००७): सीसीआर-५ अडवतं. विषाणू फक्त सीसीआर-५ वापरतो ना, हे आधी तपासावं लागतं.
- प्लेरिक्साफोर (२००८): सीएक्ससीआर-४ सैल करतं. मायलोमा, लिम्फोमाच्या रुग्णांच्या मूळपेशी मगजातून रक्तात येतात आणि गोळा करता येतात.
- मोगाम्युलिझुमॅब (२०१२, जपान): सीसीआर-४ असलेल्या काही रक्तकर्करोगांवर.

तुमच्या कामाचं

जीन टेस्टचा रिपोर्ट किंवा रक्तगट बघून एचआयव्हीपासून सुरक्षित आहोत असं ठरवू नका. कंडोम वापरा, सुई कुणाशी शेअर करू नका. शंका असेल तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात तपासणी मोफत होते आणि २०१७ च्या कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. विचारायची लाज वाटत असेल तर १०९७ हा टोल-फ्री नंबर आहे. २००४ पासून सरकारी केंद्रांवर एआरटी औषधं मोफत मिळतात. ती नियमित घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत न दिसण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही.

पुढच्या वेळी अशी रील ग्रुपवर आली, तर त्याखाली १०९७ हा नंबर टाका. ज्याला गरज असेल तो न विचारताही सेव्ह करून ठेवेल.