सोळा तासांची तार

१६ ऑगस्ट १८५८. न्यूफाउंडलंडच्या ट्रिनिटी उपसागरात, बुल आर्मच्या किनाऱ्यावर तुम्ही उतरता. झाडं तोडून मोकळ्या केलेल्या जागेत एक लाकडी घर उभं आहे. हेच तारघर. आत काळोख आहे, आणि तारमास्तराची नजर पट्टीवरच्या उजेडाच्या एका ठिपक्यावर खिळली आहे. त्याच्याशी आत्ता बोलू नका.

त्याच्यासमोर रेशमाच्या धाग्याला एक चिमुकला आरसा टांगलाय. पाठीवर बारीक चुंबक चिकटवलेले. अटलांटिकच्या तळाशी टाकलेल्या तारेतून नावापुरता प्रवाह आला तरी आरसा हलतो आणि त्याच्यावरून पट्टीवर पडणारा ठिपका सरकतो. एका बाजूला सरकला की टिंब, दुसऱ्या बाजूला सरकला की रेघ. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम थॉमसन यांची ही युक्ती.

आज राणी व्हिक्टोरियाचा संदेश अमेरिकेचे अध्यक्ष ब्यूकॅनन यांच्याकडे निघालाय. शब्द जेमतेम शंभर, पण उतरवून घ्यायला सोळा तास लागणार आहेत. तांब्याची तार, तिच्यावर गटापर्चा या झाडाच्या चिकाचं वेष्टन, बाहेर लोखंडी तारांचं चिलखत आणि समुद्राचं पाणी, ही रचनाच वीज साठवून धरते. आधीचा संकेत ओसरायच्या आत पुढचा आला की दोन्ही एकमेकांत मिसळतात. म्हणून इथून पलीकडे, आयर्लंडच्या व्हॅलेन्शिया बेटाकडे, पुन्हा पुन्हा विनवणी जाते: सावकाश पाठवा. पहिला परिच्छेद येऊन तार थांबते, तर तोच पूर्ण संदेश समजून पुढे रवाना होतो. राणी इतकी तुटक का, असं अमेरिकेला वाटतं!

दुसऱ्या रात्री न्यूयॉर्कला जा. आनंदाच्या दारूकामाने सिटी हॉलचा घुमटच पेटलाय.

इकडे तार मात्र मरणपंथाला लागली आहे. तार टाकणाऱ्या कंपनीचे वीजतज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस मूळचे शल्यवैद्य. लांबवर पोचायचं तर जोर लावायला हवा, असा त्यांचा हिशोब. पाच फुटी वेटोळ्यांतून त्यांनी सुमारे २००० व्होल्टचे धक्के दिले. वेष्टन आधीच सदोष होतं. ते आणखी खचलं.

तरी ३१ ऑगस्टला या तारेने स्वतःची किंमत दाखवून दिली. हिंदुस्थानातला १८५७ चा उठाव आटोक्यात आल्यामुळे कॅनडातल्या दोन पलटणींना मायदेशी बोलावण्याचा हुकूम रद्द झाल्याचा निरोप तिच्यातून गेला. त्या एका निरोपाने ब्रिटिश सरकारचे सुमारे ५०,००० पौंड वाचले. सप्टेंबर उजाडला आणि तार मुकी झाली.

आता आठ वर्षं पुढे या. सप्टेंबर १८६६, व्हॅलेन्शिया. ग्रेट ईस्टर्न जहाजाने नवी तार टाकली आहे, आणि आदल्या वर्षी तुटून बुडालेली तारही तळातून उचलून पुरी केली आहे. (हेच जहाज १८७० साली मुंबईहून एडनपर्यंत तार टाकणार आहे.) लॅटिमर क्लार्क हे अभियंते दोन्ही तारांची न्यूफाउंडलंडकडची टोकं जोडायला सांगतात. मग शिवणकामाचं एक चांदीचं अंगुस्तान मागून घेतात, त्यात आम्लाचे काही थेंब टाकतात आणि जस्ताचा एक तुकडा बुडवतात. एवढीशी बॅटरी! पण तिचा प्रवाह महासागर ओलांडून परत येतो, जवळजवळ ३,७०० मैल, आणि तुमच्या समोरच्या पट्टीवर ठिपका स्वच्छ सरकतो.