ऑक्टेन अंक : पेट्रोलचा जोर की पेट्रोलचा धीर?

धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुका खव्यासाठी ओळखला जातो. गावोगावचे दूध पहाटे खवाभट्टीपर्यंत पोचते ते बहुतांशी दुचाकीवरून. पूर्वी या कामाला बजाजची एम-८० हमखास दिसे. आज शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकली दिसतात. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवलेले आणि समोर बालाघाटाच्या डोंगररांगेतला चढ, अशी ही रोजची वाहतूक असते.

भूमला काही शिक्षकांशी बोलत असताना अकरावीच्या एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, “सर, आमचे वडील दूध घालतात. पंपावरचं महागाचं पेट्रोल टाकलं तर गाडी चढाला जास्त ओढते, अ‍ॅव्हरेजही वाढतं, असं सगळे म्हणतात. त्यात ऑक्टेन जास्त असतं म्हणे. हे खरं आहे का?”

ऑक्टेन अंकाची व्याख्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात असते आणि परीक्षेत ती दोन गुणांना विचारली जाते. पण व्याख्या पाठ असूनही या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, असा अनुभव येतो. याचे कारण असे की, हा अंक कोणत्या अडचणीतून जन्माला आला हे आपण सांगत नाही. ती हकीकत समजली की उत्तर आपोआप हाती येते.

दाबाचे गणित

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये घेतले जाते. दट्ट्या वर येताना ते दाबतो आणि नंतर प्लगची ठिणगी त्याला पेटवते. मिश्रण दाबून किती पट लहान केले, हे सांगणाऱ्या संख्येला संपीडन गुणोत्तर म्हणतात. नऊ घनसेंटीमीटरचे मिश्रण एका घनसेंटीमीटरमध्ये कोंडले तर गुणोत्तर नऊ झाले.

जर्मनीच्या निकोलाउस ऑटोने १८७६ साली चार फेऱ्यांचे इंजिन चालवून दाखवले. त्या आदर्श चक्राचे गणित मांडले तर असे दिसते की, गुणोत्तर चार असताना उष्णतेपैकी सुमारे ४३ टक्के भागाचे कामात रूपांतर होऊ शकते, सहा असताना ५१ टक्के आणि नऊ असताना ५८ टक्के. प्रत्यक्ष इंजिनात हे आकडे बरेच कमी असतात, पण चढता क्रम तोच राहतो. म्हणजे त्याच पेट्रोलमधून अधिक काम हवे असेल तर ते अधिक दाबले पाहिजे.

मग हवे तेवढे का दाबू नये? सायकलचा पंप जोराने मारला की त्याचे टोक गरम होते, हे मुलांनी अनुभवलेले असते. वायू झटकन दाबला की तापतो. तीस अंशाच्या आसपासची हवा नऊ पट दाबली तर गणिताने तिचे तापमान सुमारे ४५० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. एवढ्या तापलेल्या मिश्रणात ठिणगी पडली की ज्योत प्लगपासून पुढे सरकू लागते आणि तिच्या पुढचे, कोपऱ्यात उरलेले मिश्रण आणखी दाबले जाते, आणखी तापते. ज्योत तिथे पोचण्याआधीच ते आपण होऊन पेटले तर एकदम धक्का बसतो आणि धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. असे ठोके सतत बसत राहिले तर इंजिन तापते, त्याची ओढ कमी होते आणि शेवटी दट्ट्याच निकामी होतो.

इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो याने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास या स्वयंज्वलनाचा अभ्यास केला. चालू असतानाच संपीडन गुणोत्तर बदलता येईल असे इंजिन त्याने बनवले आणि निरनिराळी इंधने कुठवर दाब सहन करतात हे तपासले. प्रत्येक इंधनाची सहनशक्ती वेगळी होती. टोल्युईन आणि अल्कोहोल पुष्कळ दाब सोसत, रॉकेल मात्र लगेच ठोके देई.

चुकीचा तर्क, उपयोगी शोध

अमेरिकेत डेटन गावी चार्ल्स केटरिंग याच्या प्रयोगशाळेत शेतघरांसाठी रॉकेलवर चालणारी वीजनिर्मितीची यंत्रे तयार होत होती. त्यांना ठोक्यांचा फार त्रास होई. १९१६ साली केटरिंगने हे काम थॉमस मिजली या तरुण अभियंत्याकडे सोपवले. वसंत ऋतूच्या आरंभी बर्फातही फुलणाऱ्या एका वेलीच्या पानांची पाठ तांबूस असते. तिच्यासारखे रॉकेलही लाल केले तर ते उष्णता अधिक शोषेल आणि लवकर वाफ होऊन नीट जळेल, असा त्यांचा तर्क होता. तांबडा रंग हाताशी नव्हता, म्हणून मिजलीने आयोडीन घातले आणि ठोके थांबले. मग त्याने साधे तांबडे रंग घालून पाहिले, तर काहीच फरक पडला नाही. उलट आयोडीनचे रंगहीन संयुग घातले तेव्हा ठोके पुन्हा थांबले. रंगाचा तर्क खोटा ठरला, पण अगदी थोड्या पदार्थाने ज्वलनाची रीत बदलता येते हे सिद्ध झाले. तर्क चुकला तरी पडताळा चोख असेल तर हाती काहीतरी लागते, याचे हे उदाहरण वर्गात अवश्य सांगावे.

आयोडीन महाग होते आणि ते धातू खात असे. पुढे पाच वर्षे अनेक संयुगे तपासल्यावर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग हाती आले. गॅलनभर पेट्रोलला सुमारे तीन घनसेंटीमीटर पुरे होई. अल्कोहोलनेही ठोके थांबतात हे याच मंडळींना ठाऊक होते. पण ते बरेच मिसळावे लागे, कोणालाही बनवता येई आणि त्यावर कंपनीचा एकाधिकार राहिला नसता.

फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनला शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. त्याच महिन्यात मिजलीने वार्ताहरांसमोर त्या द्रवाने हात धुऊन दाखवले. तो स्वतः आदल्या वर्षी शिशाच्या विषबाधेने रजेवर गेला होता. काही काळ विक्री थांबली आणि १९२६ साली पुन्हा सुरू झाली. पुढची अनेक दशके जगभरच्या रस्त्यांवर धुरातून शिसे पडत राहिले. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो हे पुराव्यानिशी मान्य व्हायला फार वेळ लागला.

मोजपट्टी कशी आली?

या काळापर्यंत “चांगले पेट्रोल” आणि “वाईट पेट्रोल” असेच बोलले जाई, मोजमाप नव्हते. १९२६-२७ साली ग्रॅहॅम एडगर याने ते दिले. त्याने दोन शुद्ध द्रव निवडले. एक आयसो-ऑक्टेन, म्हणजे २,२,४-ट्रायमिथिल पेंटेन. त्याच्या रेणूला फांद्या असतात आणि तो दाब चांगला सोसतो, म्हणून त्याला १०० अंक दिला. दुसरा सरळ साखळीचा नॉर्मल हेप्टेन. तो लगेच ठोके देतो, म्हणून त्याला शून्य. हा हेप्टेन कॅलिफोर्नियातील एका जातीच्या पाइन वृक्षाच्या राळेपासून मिळत असे. एखादे पेट्रोल ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकेच ठोक्यांना तोंड देत असेल, तर त्याचा ऑक्टेन अंक ९१. त्या पेट्रोलमध्ये खरोखर ९१ टक्के ऑक्टेन असते असे मुळीच नाही.

आता एक गोष्ट बारकाईने पाहावी. शंभर अंकाचा आयसो-ऑक्टेन आणि शून्य अंकाचा हेप्टेन जाळले तर किलोमागे मिळणारी उष्णता जवळजवळ सारखीच, सुमारे ४४ ते ४५ मेगाज्यूल असते. म्हणजे ऑक्टेन अंक पेट्रोलमधला जोर मोजत नाही. ठिणगी पडेपर्यंत आणि ज्योत पोचेपर्यंत दम धरण्याची ताकद, म्हणजे पेट्रोलचा धीर, तो मोजतो. जोर काढायचा तो इंजिनाने, अधिक दाबून. दाबणारे इंजिन नसेल तर तो धीर वापरलाच जात नाही.

आपल्याकडची वाटचाल

भारतात शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात ८७ आणि ९३ अंकांचे पेट्रोल मिळत असे. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या गाड्यांसाठी शिसेरहित पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. शिशाने स्वस्तात मिळणारा अंक आता तेलशुद्धीकरण कारखान्यात रेणूंची रचना बदलून मिळवावा लागला. साध्या पेट्रोलचा किमान अंक ८८ झाला आणि पुढे भारत स्टेज-३ च्या मानकांबरोबर ९१.

दरम्यान, १९२० च्या दशकात मागे पडलेले अल्कोहोल परत आले. २००१ साली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. त्यांतले दोन महाराष्ट्रात होते, मिरज आणि मनमाड येथे. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्के मिश्रण आले, २०२२ मध्ये देशाची सरासरी दहा टक्क्यांवर पोचली आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. इथेनॉलचा स्वतःचा अंक शंभराच्या वर असल्याने वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलला किमान ९५ अंकाचे मानक आहे.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाची कसोटी घरबसल्या घेता येते. साध्या पेट्रोलचा अंक ८८ वरून ९५ झाला. जोर वाढायचा असता तर प्रत्येक जुन्या मोटारसायकलचे अ‍ॅव्हरेज वाढायला हवे होते. पण लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणून वीस टक्के मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेही या मिश्रणावर जुन्या बेताच्या दुचाकींची इंधनकार्यक्षमता तीन ते चार टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. अंक वर गेला, तरी अ‍ॅव्हरेज खाली आले. अंक आणि जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून सोपा पुरावा शोधायला नको.

ठोके टाळायला पेट्रोलच बदलावे लागते असेही नाही. पुण्याच्या बजाज कंपनीने २००३ साली पल्सरच्या सिलिंडरला दोन प्लग दिले. दोन टोकांनी ज्योत निघाली की तिला कमी अंतर जावे लागते आणि कोपऱ्यातल्या मिश्रणाला आपण होऊन पेटायला वेळ मिळत नाही. रिकार्डोने ओळखलेल्या अडचणीवर हा इंजिनाच्या रचनेतून काढलेला तोडगा होय.

मग जादा पैसे द्यावेत का?

जुन्या ३५० सीसी बुलेटचे संपीडन गुणोत्तर सातच्याही खाली असे. आजच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत ते नऊ-दहाच्या आसपास असते. त्यांना साध्या पेट्रोलचा धीर पुरतो. चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० सारख्या गाडीत ते साडेबाराच्या घरात जाते. अशा गाडीच्या मालकाने पुस्तिका उघडून कंपनीने कोणता अंक सांगितला आहे ते पाहावे आणि तेवढा पाळावा. ठोके जाणवताच ठिणगीची वेळ बदलणारा सेन्सर काही महाग गाड्यांत असतो, दूधवाल्याच्या गाडीत तो सहसा नसतो. त्यामुळे वरचा अंक तिला कळतही नाही.

महाग पेट्रोलमध्ये बहुधा इंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्येही घातलेली असतात. त्यांचा थोडाफार उपयोग होतो, पण तो ऑक्टेनचा गुण नव्हे. डिसेंबर २०२० मध्ये शंभर अंकाचे पेट्रोल पुण्या-मुंबईसह काही शहरांत आले तेव्हा दिल्लीत त्याचा भाव साध्याच्या जवळजवळ दुप्पट होता. इतकी ऊर्जा जादा देणारे पेट्रोल निसर्गात असूच शकत नाही.

चढाला इंजिन ठोके देत असेल तर आधी गिअर खाली घ्यावा. मग हेडमध्ये साचलेला कार्बन, ठिणगीची वेळ आणि इंजिन फार तापते का, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे. एक कारण पंपाच्या बाजूचेही असू शकते. रॉकेलचा ऑक्टेन अंक फार कमी असल्याने त्याची भेसळ पेट्रोलचा धीर लगेच घालवते. भेसळ हा किरकोळ लबाडीचा विषय नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ भेसळीचा प्रकार उघड करायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. पेट्रोलमध्ये खरोखर काय आहे याची चौकशी करण्याची ही किंमत एका माणसाने मोजली.

वर्गासाठी एक हिशेब सुचवतो. समजा, साधे पेट्रोल १०५ रुपये आणि महागाचे ११३ रुपये लिटर आहे. गाडी रोज ४० किलोमीटर धावते आणि लिटरला ५० किलोमीटर देते. रोज ०.८ लिटर लागते, म्हणजे जादा खर्च दिवसाला ६ रुपये ४० पैसे आणि वर्षाला तेवीसशेच्या वर. हा खर्च भरून निघायला अ‍ॅव्हरेज ५० वरून जवळजवळ ५४ वर गेले पाहिजे. तसे होते का, हे मुलांनी तपासावे. टाकी काठोकाठ भरून, तोच रस्ता, तेवढेच ओझे आणि तोच चालक ठेवून, पुन्हा काठोकाठ भरून मोजावे. कोणते पेट्रोल आहे हे चालकाला सांगू नये, कारण महाग पेट्रोल टाकले आहे हे कळले की हात आपोआप हलका पडतो. एकदा मोजून भागत नाही, दोन्ही पेट्रोलवर निदान चार-पाच वेळा मोजावे.

आम्ही त्या विद्यार्थ्याला सांगितले, “वडिलांची गाडी ठोके देत नसेल तर साधं पेट्रोलच टाका. वाचलेल्या पैशांत वेळेवर ऑइल बदला आणि टायरमधली हवा पाहत जा.” त्याने विचारले, “मग जास्त आकडा म्हणजे चांगलं, असं नाही?” नाही. आकडा काय मोजतो हे आधी विचारावे आणि ते आपल्याला लागते का हे मग पाहावे. ऑक्टेनच्या धड्यातून मुले एवढे शिकली तरी ते दोन गुणांच्या व्याख्येहून पुष्कळ झाले.