विळ्याचा हिशेब

2009 साली आमच्या तालुक्याच्या गावी रक्ततपासणीचे शिबिर झाले. माझ्या भाचीने तिथे रक्त दिले आणि काही दिवसांनी तिच्या हाती पिवळे कार्ड आले : सिकलसेल वाहक. तिला आजार नव्हता. आईबापांपैकी एकाकडून आलेले एक बदललेले जनुक तिच्यात होते, एवढेच. तिचे लग्न ठरत आले होते. मुलाचीही तपासणी झाली आणि ती निर्दोष निघाली. अशा जोडप्याच्या अपत्याला हा आजार होत नाही. तरीही निरोप आला, "मुलीच्या रक्तात खोट आहे."

त्या रात्री ताई मला म्हणाली, "तू एवढी पुस्तकं वाचतोस, ही खोट आली कुठून ते तरी सांग." मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलेले. पण जमाखर्च मला कळतो, आणि या प्रश्नाचे उत्तर अखेर जमाखर्चातच सापडले.

या आजाराची वैद्यकातली पहिली नोंद 1910 ची. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशी पाहिल्या. 1949 साली जेम्स नील यांनी या आजाराची आनुवंशिकता उलगडली : एक बदललेले जनुक असले तर माणूस वाहक, दोन्ही बदललेली असली तर रोगी. त्याच वर्षी लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्याचे हिमोग्लोबिनच वेगळे असल्याचे दाखवले. पुढे व्हर्नन इंग्रॅम यांनी तो फरक नेमका कुठे आहे ते शोधले. 146 मण्यांच्या एका साखळीत एकच मणी, सहावा, बदललेला असतो.

मग कोडे असे, की दोन विळा-जनुके घेऊन जन्मलेली मुले पूर्वी बहुधा मोठी होण्याआधीच जात. प्रत्येक मुलाबरोबर दोन जनुके नाहीशी होत. असे असताना हे जनुक कधीच संपायला हवे होते. ते संपले नाही, उलट काही वस्त्यांत चांगले रुजले.

उत्तराची दिशा जे. बी. एस. हाल्डेन यांनी दाखवली होती. हेच हाल्डेन 1957 साली भारतात आले, इथले नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वरला वारले. भूमध्य समुद्राकाठच्या थॅलेसेमिया या रक्तविकाराविषयी त्यांनी 1949 साली तर्क मांडला होता, की त्याच्या वाहकांना हिवतापापासून संरक्षण मिळत असावे. त्याच वर्षी केनियात वाढलेले अँथनी ॲलिसन ऑक्सफर्डच्या एका मोहिमेबरोबर तिथे रक्ताचे नमुने गोळा करीत होते. समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठी विळा-जनुकाचे वाहक शेकडा 20 हून अधिक, तर थंड डोंगराळ भागात शेकडा 1 हूनही कमी. डास जिथे, विळा तिथे.

ॲलिसन यांनी पुढे लुओ जमातीच्या 30 पुरुषांना हिवतापाची लागण करून पाहिली. वाहक नसलेल्या 15 पैकी 14 जणांच्या रक्तात जंतू वाढले. 15 वाहकांपैकी फक्त दोघांच्या. 1954 साली हे प्रसिद्ध झाले. आजच्या नियमांत असा प्रयोग बसणार नाही. हे ज्ञान त्या 30 जणांच्या अंगावरून आपल्यापर्यंत आले आहे, हे विसरू नये.

आता जमाखर्च. 10,000 मुले जन्मली असे धरू. प्रत्येकाची दोन, म्हणून जनुके 20,000. त्यांत विळा-जनुके 2,000, म्हणजे दहावा हिस्सा. गणिताने 100 मुले रोगी, 1,800 वाहक आणि 8,100 पूर्ण साधी निघतात. समजा, रोगी मुले सगळी गेली : 200 विळा-जनुके गेली, शेकडा 10. हिवतापाने साध्या मुलांपैकी नवव्या हिश्शाला, म्हणजे 900 मुलांना नेले : 1,800 साधी जनुके गेली, तीही 18,000 ची शेकडा 10 च. दोन्ही पारडी समान. वाहक तेवढे तगले. पुढच्या पिढीत प्रमाण होते तेच राहिले.

हा आकडा मांडला त्या दिवशी मी वही मिटून बसलो. नैसर्गिक निवड म्हणजे बलवानाची निवड, असे आपण सर्रास बोलतो. इथे तसे काही नाही. निवड गावाच्या डबक्यापाशी होते; डबके बदलले की निवाडाही बदलतो. आणि ती कोणाचे भले करायला बसलेली नाही. 1,800 वाचले त्याची किंमत 100 मुलांनी दिली.

1958 साली शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. विदर्भ, नंदुरबार, गडचिरोली हे सगळे जुन्या हिवतापाचे मुलूख. ताईच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. ही खोट नव्हे, हिवतापाच्या मुलखात तगून राहिलेल्या पूर्वजांची पावती आहे. त्या पावतीचे देणे मात्र आजही कुणाच्या तरी घरचे मूल फेडते, हेही तितकेच खरे.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. 2047 पर्यंतचे उद्दिष्ट आहे. मोहीम हवीच, तपासणी आणि औषध पोहोचले तर मुले जगतील. पण 'निर्मूलन' शब्दाशी मी थबकतो. हिवताप पूर्ण थांबला आणि रोग्यांना उपचार मिळालेच नाहीत, असे क्रूर गृहीत धरले, तरी दहावा हिस्सा विसावा व्हायला 10 पिढ्या लागतात, सुमारे 250 वर्षे. वाहकांनी आपसात लग्ने टाळली तर रोगी मुले जन्मणार नाहीत, पण जनुक वाहकांतून पुढे जातच राहील. निर्मूलन होऊ शकते ते वेदनेचे. जनुकाचे करायला गेलो तर हाती माणसेच लागतात.

याला दाखला आहे. 1968 साली खुद्द पॉलिंग यांनी सुचवले होते, की वाहकांच्या कपाळावर गोंदण करावे, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत 1981 पर्यंत वाहकांना प्रवेश नव्हता. ज्यांनी रेणूतला फरक शोधला, त्यांनाच माणसाच्या कपाळाचे मोल कळले नाही.

भाचीचे लग्न पुढे तीन वर्षांनी झाले. मुलाकडच्यांना तिने कार्ड स्वतः दाखवले आणि त्याचा अर्थही स्वतःच समजावून सांगितला. वरील हिशेब तिने माझ्या वहीतून आपल्या हाताने उतरवून घेतला आहे. तिची मुलगी आता शाळेत जाते. तिची तपासणी झाली, कार्ड पिवळेच निघाले. ताईने ते पाहिले आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर, इतर कागदांबरोबर ठेवून दिले.