हमालाचा मालक कोण? माथाडी कायदा आणि श्रमाचा बाजार

श्रमाचा बाजार म्हणजे काय, हे समजून घ्यायला आज लांब जायची गरज नाही. आपण नवी मुंबईत बसलोय. इथून तुर्भ्याच्या बाजूला कृषी उत्पन्न बाजार समितीचे बाजार आहेत: कांदा-बटाटा, धान्य, मसाला, भाजी, फळं. तिथे गोण्या उचलणारा माणूस म्हणजे माथाडी कामगार. माथ्यावर ओझं वाहतो, म्हणून माथाडी.

हे बाजार मुळात मुंबईतले. मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट इथून ते 1980 नंतर टप्प्याटप्प्यानं इकडे आले. भाजी आणि फळं सगळ्यात शेवटी, 1996 मध्ये. म्हणून आपली गोष्टही मुंबईतच सुरू होते, 1960 च्या दशकात.

सातारा, पुणे जिल्ह्यांच्या डोंगराळ तालुक्यांतून माणसं येत होती. शेती थोडी, तीही पावसावर. हमाली मिळायची गोणीमागे. ट्रक आला तर काम, नाही आला तर दिवस फुकट. एकाच दिवसात पाच-सहा पेढ्यांचा माल उचलायचा. आता सांगा, याचा मालक कोण? प्रत्येक पेढीवाला म्हणणार, 'माझ्याकडे तो अर्धा तास होता.' आपल्याकडे 1948 चा कारखाने कायदा होता, 1952 चा भविष्य निर्वाह निधीचा कायदा होता. पण दोन्ही गृहीत धरत होते की हजेरीपट आहे आणि तो ठेवणारा एक मालक आहे. हमालाला मालक पुष्कळ होते, म्हणूनच कायद्याच्या नजरेत एकही नव्हता.

पुस्तक सांगतं, मजुरी म्हणजे श्रमाची किंमत. मागणी आणि पुरवठा मिळून ती ठरवतात. बरोबर आहे, पण अपुरं आहे. कांदा चाळीत ठेवून भाव चढायची वाट बघता येते. आजचा दिवस असा साठवता येत नाही. तो संध्याकाळी मावळतो. व्यापारी चार दिवस थांबू शकतो, हमालाला रात्री जेवायचं असतं. सौद्याची ताकद इथेच असमान होते.

दुसरी गोष्ट विल्यम बेव्हरिज यांनी लंडनच्या गोद्यांविषयी 1909 मध्ये मांडली होती. ती आपण आपल्या पद्धतीनं करून बघू. समजा, तीन पेढ्या आहेत. प्रत्येकीला आठवड्यातले दोन दिवस 10 हमाल लागतात, उरलेले चार दिवस 4. गर्दीचे दिवस तिघींचे वेगवेगळे. प्रत्येक पेढीला वाटतं, दारात 10 माणसं हवीत. म्हणजे एकूण 30 माणसं ताटकळत उभी. पण रोजचं खरं काम किती जणांचं? 10 अधिक 4 अधिक 4, म्हणजे 18. तिन्ही पेढ्यांनी एकच यादी वापरली, तर 18 माणसांना सहाही दिवस काम मिळतं. वेगळं ठेवलं, तर 30 जणांना सरासरी साडेतीन दिवसांच्या आसपास. काम तेवढंच आहे, बरं का. पण पहिल्या व्यवस्थेत घर चालतं, दुसरीत चालत नाही.

आपल्याकडे ही कल्पना आधी बंदरात आली, 1948 च्या गोदी कामगार कायद्यानं. बाजारातल्या हमालांना संघटित केलं पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटील यांनी. त्या लढ्यातून 1969 मध्ये महाराष्ट्राचा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. या कायद्यानं नुसती मजुरी वाढवली असं नाही. त्यानं मालकाची रिकामी जागा भरली. मंडळं स्थापन झाली. त्यांत व्यापाऱ्यांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, शिवाय सरकारचे. कामगाराची नोंदणी, व्यापाऱ्याचीही नोंदणी. टोळीनं केलेल्या कामाची मजुरी व्यापारी मंडळात भरतो, आणि वर ठरलेल्या टक्क्यानं लेव्ही. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी. अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे मंडळाच्या वहीत जोडले गेले आणि त्यांची नोकरी झाली.

आता अवघड भाग. आपल्या हिशेबात 30 पैकी 18 जणांना पूर्ण काम मिळालं. उरलेल्या 12 जणांचं काय? यादी झाली की यादीबाहेरचेही तयार होतात. अर्थशास्त्रात याला आतल्यांचा आणि बाहेरच्यांचा प्रश्न म्हणतात. लेव्ही वाचवायला काही मालक बिननोंदणीची माणसं लावतात, आणि काम मागणारा बाहेरचा माणूस कमी दरात तयार असतो. मागणीही जागेवर राहत नाही. 2016 मध्ये राज्यानं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. बाजाराच्या आवाराबाहेर व्यापार करायला वाट झाली. माल आवारात आला नाही, तर टोळीला काम कुठून? कायदा कामाची वाटणी करू शकतो, काम निर्माण करू शकत नाही.

म्हणून हा कायदा फसला असं मी म्हणणार नाही. उद्या सकाळी आठ वाजता आपल्या इथल्या एखाद्या मजूर नाक्यावर जाऊन बघा. गवंडी, बिगारी, रंगारी उभे असतात. त्यांच्यासाठी 1996 मध्ये बांधकाम कामगारांचा कायदा झाला, बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर आहे, योजना आहेत. पण काम वाटणारी यादी नाही. आणि नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज नव्या ठेकेदाराकडे जाणाऱ्या माणसाला तो सहजी कोण देणार? म्हणजे आपण फिरून तिथेच आलो: याचा मालक कोण? माथाडींनी या प्रश्नाचं एक उत्तर 1969 मध्ये मिळवलं. नाक्यावरच्या माणसाला ते अजून मिळालेलं नाही.

इथे थांबतो. आता प्रश्न घेऊ.