उतरवून घेतलेलं पान

मंडळी, संकेतस्थळं उतरवून घेऊन नेटशिवाय वाचणं, हा विषय इतिहासाच्या व्याख्यानमालेत कुठून आला, असं आपल्याला वाटेल. म्हणून आम्ही सुरुवात भोरपासूनच करतो.

कारी हे जेधे देशमुखांचं गाव. कोणत्या शकात, कोणत्या तिथीला काय घडलं, याची टाचणं असलेली शकावली या घराण्याने जपली. पुढे ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि छापली गेली. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही शिवजन्माची तिथी तिच्यात आहे. आजची १९ फेब्रुवारीची शिवजयंती त्याच तिथीची. दप्तरं राजधानीतच टिकतात असं नाही. कधी ती खोऱ्यातल्या एखाद्या वाड्यात टिकतात.

आता वेबकडे पाहू. वेबवरचं पान आपल्या घरी नसतं, दुसऱ्याच्या यंत्रावर असतं. त्याने यंत्र बंद केलं की पान गेलं. २००९ साली याहूने जिओसिटीज बंद केलं, तेव्हा सामान्य माणसांची असंख्य पानं गेली. स्वयंसेवकांनी धावपळ करून उतरवली तेवढी उरली. त्याआधी १९९६ साली ब्रूस्टर काल यांनी इंटरनेट आर्काइव्ह सुरू केलं होतं. १९९८ मध्ये एचटीट्रॅक हा फुकट प्रोग्राम आला. तो एका पानापासून निघतो, त्यातल्या दुव्यांमागे जातो, मजकूर-चित्रं उतरवतो आणि दुवे आपल्याच संगणकाकडे वळवतो. मात्र शोध घेतल्यावरच तयार होणारी पानं त्याच्या हाती सहसा लागत नाहीत.

वेल्ह्यात, तोरणा-राजगडाच्या डोंगराआड रेंज तुटते, म्हणून सातबारा मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेला बरा, हे कुणालाही पटेल. पण मधल्या काळात फेरफार झाला, तर जुना उतारा खोटा ठरतो का? आम्ही म्हणू, नाही. तो त्या दिवसापुरता खराच आहे. उलट, तो जवळ नसेल तर बदल काय झाला हे दाखवणार कशावरून?

म्हणून पान उतरवताना दोन गोष्टी सोबत लिहून ठेवा: कुठून घेतलं आणि कोणत्या तारखेला. शकावलीला किंमत आली ती तिथींमुळे. तारीख नसलेली नक्कल नुसता कागद राहते. तारीख पडली की ती साधन होते.