कॅरी आणि ट्रँगल परिसरातील सर्व्हरांचे पत्ताबदल

उत्तर कॅरोलायना राज्यातील कॅरी हे रेल्वेमार्गालगतचे लहान गाव १८७१ मध्ये अधिकृतपणे नोंदले गेले. परंतु त्याचे आजचे रूप मुख्यतः १९५९ मध्ये शेजारी उभ्या राहिलेल्या रिसर्च ट्रँगल पार्कने आणि १९८० मध्ये येथे आलेल्या सॅस इन्स्टिट्यूट या सॉफ्टवेअर कंपनीने घडवले. इंटरनेटसेवा बदलली की स्वतःचा मेल सर्व्हर आणि नावावरून अंकी पत्ता सांगणारा नेम सर्व्हर नव्या पत्त्यांवर हलवण्याची जी खटपट करावी लागते, तिची पूर्वपीठिका याच परिसरात सापडते.

१९७९ च्या अखेरीस ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस आणि चॅपेल हिल येथील स्टीव्ह बेलोविन या विद्यार्थ्यांनी यूजनेट या चर्चाजाळ्याची जुळवाजुळव केली, ती यूयूसीपी या पद्धतीवर, म्हणजे एका युनिक्स यंत्राने दुसऱ्याला टेलिफोन लावून फायली पोहोचवण्याच्या सोयीवर. यूयूसीपीच्या टपालात पत्ता म्हणजे प्रत्यक्ष वाटच असे. मधल्या यंत्रांची नावे क्रमाने उद्गारचिन्हांनी जोडावी लागत, आणि त्यांतील एकाने शेजार सोडला की त्या वाटेने लिहिलेले पलीकडच्या सर्वांचे पत्ते निकामी होत.

पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या डीएनएस या नामव्यवस्थेने आणि एखाद्या नावाचे टपाल कोणत्या यंत्राने घ्यावे हे सांगणाऱ्या, १९८६ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी विशद केलेल्या एमएक्स नोंदीने ही गाठ सोडवली. प्रत्येक नोंदीला टीटीएल, म्हणजे इतरांनी ती किती सेकंद जपून ठेवावी याची मुदत, असते. म्हणून जाणकार व्यवस्थापक स्थलांतराच्या दोन-तीन दिवस आधी या मुदतीचा ८६४०० हा आकडा ३०० वर आणतो, जुने यंत्र काही काळ चालू ठेवतो आणि नोंदींची फाइल, म्हणजे झोन फाइल, बदलताना तिचा अनुक्रमांक न विसरता वाढवतो, कारण तो तसाच राहिला तर या फाइलची प्रत ठेवणारा दुय्यम सर्व्हर बदल झालाच नाही असे समजून जुनाच पत्ता वाटत राहतो. टपालाची बाजू त्या मानाने सोशिक आहे; समोरचे यंत्र उत्तर देत नसेल तर पाठवणारा सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतो.

एवढ्यावर भागले असते, तर पत्ताबदल ही कारकुनी बाब ठरली असती. परंतु १९९३ नंतरच्या वाटपपद्धतीत हे अंकी पत्ते, म्हणजे अंक, बहुधा सेवा देणाऱ्या कंपनीकडून मिळू लागले आणि ग्राहकाने कंपनी सोडली की ते तिच्याकडेच राहू लागले; पुढे नको असलेल्या टपालाचा पूर आल्यावर घेणारे सर्व्हर पाठवणाऱ्याचा अंकच तपासू लागले. अंकावरून नाव सांगणारी उलटी नोंद, कोणत्या अंकांवरून टपाल निघावे हे जाहीर करणारी एसपीएफ नोंद आणि संशयित अंकांच्या याद्या यांनी नाव पुन्हा अंकाला जखडले. कॅरीतील केबल ग्राहकाची उलटी नोंद टाइम वॉर्नर केबलच्या ‘आरआर डॉट कॉम’ या नावाखाली निघे. २०१६ मध्ये ती कंपनी चार्टरने घेतली. एटीअँडटी आणि गूगल यांचे फायबरही परिसरात आले. मात्र सेवा बदलणाऱ्याला आपली झोन फाइल स्वतः सुधारता आली, तरी उलटी नोंद नव्या कंपनीकडूनच करून घ्यावी लागते, आणि घरगुती जोडणीवर ती सहसा मिळत नाही.

नेम सर्व्हरचे स्थलांतर आणखी नाजूक असते, कारण त्याचा स्वतःचा अंक वरच्या पातळीवरही नोंदलेला असतो. जगातील तेरा मूळ नेम सर्व्हरांपैकी ‘एल’ या सर्व्हरने नोव्हेंबर २००७ मध्ये पत्ता बदलला आणि जुन्या पत्त्यावरही सहा महिने उत्तरे दिली; तरीही २००८ च्या मे महिन्यात त्या सोडलेल्या अंकावर भलतीच यंत्रे मूळ सर्व्हर म्हणून उत्तरे देत असल्याचे उघड झाले, आणि मूळ सर्व्हरांच्या पत्त्यांची जुनी यादी न बदललेल्या संगणकांचे प्रश्न त्यांच्याकडे जात होते.