सायकलीवरचे हिशोब

डिसेंबर उजाडला की आमच्या घरात पहाटे पाचला तीन गजर वाजतात. एक माझा, एक धाकट्या भावाचा आणि एक बाबांचा. बाबांच्या गजराचा काही उपयोग नसतो, कारण तो वाजायच्या आधीच ते अंगणात तिन्ही सायकलींचे टायर अंगठ्याने दाबून बघत असतात. आई दारात शाल गुंडाळून उभी असते. "कानाला बांधा रे काहीतरी," एवढंच म्हणते आणि आत जाते.

आम्ही कोळगावचे. २०१४ च्या १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याचं मुख्यालय आमच्या गावाच्या हद्दीत उभं राहिलं आणि बोईसर रस्त्यावरचं आमचं गाव एकदम कागदोपत्री मोठं झालं. पहाटे मात्र ते अजून जुनंच असतं. भात कापून मोकळी झालेली शेतं, त्यावर बसलेलं धुकं, पूर्वेकडून येणारा कोरडा गार वारा. साडेसहानंतर उमरोळीच्या बाजूने कंपन्यांच्या बस सुरू होतात, मग रस्ता आपला राहत नाही.

तयारी कशाची चालली आहे ते सांगते. फेब्रुवारीत आम्ही तिघं कोळगावहून निघून मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक असं करत नाशिक गाठणार आहोत. दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर, एका दिवसात. ऐकायला फार वाटत नाही, पण समुद्रसपाटीजवळून निघून जव्हारला सुमारे साडेचारशे मीटर उंची गाठायची आणि त्याच्यापुढेही चढतच राहायचं. या निमित्ताने ओळखीच्यांकडून पैसे जमवायचे आणि डोंगरातल्या एका शाळेतल्या मुलींना सायकली घेऊन द्यायच्या, असं मी आणि भावाने ठरवलं. तसा मेसेजही लिहिला.

बाबांनी तो चष्मा लावून वाचला आणि विचारलं, "सायकल तुम्ही चालवणार. मग लोकांनी पैसे का द्यायचे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायला म्हणून मी वाचायला बसले. हा लेख त्यातूनच झाला.

मुंबईचे सहाजण

१५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईच्या 'बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लब'चे सहा पारशी तरुण सायकलींवर जगाच्या फेरीला निघाले. इराण, इराक, सीरिया, सिनाईचं वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन आणि ब्रह्मदेश असं करत आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघेच १८ मार्च १९२८ ला मुंबईत परतले. उरलेले वाटेत गळाले. एकूण अंतर सुमारे ७१,००० किलोमीटर. त्यांनी लिहिलेल्या प्रवासवर्णनाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे.

त्यांच्या सायकलींना गिअर नव्हते, हातात धड नकाशे नव्हते, आणि ब्रिटिशांचा गुलाम देश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखाचे ते नागरिक होते. जग बघावं आणि जगाला हिंदुस्थान दाखवावा, हा त्यांचा हेतू. म्हणजे फेरीतून काही मिळवायचं होतं ते पैशांत मोजण्यासारखं नव्हतं. आमच्या देशातली माणसंही हे करू शकतात, असं त्यांना अंगमेहनतीने सिद्ध करायचं होतं.

मी सहज भागाकार केला. चार वर्षं पाच महिन्यांत ७१,००० किलोमीटर म्हणजे रोजचे सरासरी ४४. आकडा लहान वाटतो. पण त्यात आजारपणं, व्हिसाची वाट बघणं, बोटीवरचे दिवस हे सगळं धरलेलं आहे.

एक झोपलेला म्हातारा आणि शंभर सायकली

पुढचं पान विदर्भातलं आहे. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमट्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा सुरू केली. त्यांचं वय तेव्हा ७१ होतं. पाठीच्या मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना फार वेळ बसता येत नसे, ते गाडीत आडवे पडून प्रवास करत. सायकली चालवल्या त्या त्यांच्याबरोबरच्या शंभराहून अधिक तरुण मुला-मुलींनी. अंतर पाच हजार किलोमीटरहून जास्त. १९८८ मध्ये ईटानगर ते ओखा अशी दुसरी यात्रा निघाली, ती याहूनही लांब होती.

तो काळ आठवायला हवा. १९८४ मध्ये इंदिरा गांधींची हत्या झाली होती, दिल्लीत शिखांची कत्तल झाली होती, पंजाब धुमसत होता. अशा वेळी भाषणं देणारे पुष्कळ होते. आनंदवन उभं करणाऱ्या माणसाने मात्र सायकल निवडली. मला वाटतं यात मोठी समज आहे. गाडीतून जाणारा माणूस गावातून निघून जातो, सायकलवाला गावात थांबतो. त्याला पाणी लागतं, पंक्चरवाला लागतो, रात्री पाठ टेकायला शाळेची ओसरी लागते. ज्याला गावाकडे काही मागावं लागतं, त्याचं बोलणं गावही ऐकून घेतं.

आपल्याकडे ही रीत नवी नाही. पंढरीची वारी दुसरं काय आहे? वारकरी पायी जातो म्हणून विठ्ठलाला जास्त पावतो असं कुणी म्हणत नाही. पण त्याच्या पायाच्या फोडांमुळे त्याच्या शब्दाला वजन येतं. वाटेतला माणूस त्याला भाकरी देतो, ती त्याने मागितली म्हणून नाही. आपण चालू शकलो नाही, निदान चालणाऱ्याच्या पोटात आपलं काहीतरी जावं, म्हणून देतो.

नाशिकचं घर

आता आमच्या वाटेच्या दुसऱ्या टोकाकडे, नाशिककडे येऊ. अमेरिकेत 'रेस अक्रॉस अमेरिका' नावाची शर्यत असते. १९८२ मध्ये चारजण पश्चिम किनाऱ्यावरून न्यूयॉर्ककडे निघाले, तिथून ती सुरू झाली. पुढे कित्येक वर्षं ती कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडहून मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर चालत असे. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. झोपलात तरी वेळ मोजला जातो. एकट्याला साधारण १२ दिवस, संघाला ९.

२०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या सख्ख्या भावांनी दोघांच्या संघात ती ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. एक भूलतज्ज्ञ, दुसरा दंतवैद्य. ती शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. त्यांच्या संघाचं नाव होतं 'व्हिजन फॉर ट्रायबल्स', म्हणजे आदिवासींच्या डोळ्यांसाठीचं काम लोकांपुढे यावं म्हणून घेतलेलं नाव. दोघांच्या संघात एक पेडल मारतो तेव्हा दुसरा मागच्या गाडीत पडून राहतो, मग अदलाबदल. रात्री सायकलच्या मागोमाग गाडी लावून तिच्या उजेडात चालवायचं. ताशी सरासरी काढली तर २३ किलोमीटर येते, तीही नऊ दिवस, रात्रंदिवस.

दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये हितेंद्र यांचा मुलगा ओम याने वयाच्या १७ व्या वर्षी श्रीनगर ते कन्याकुमारी हे सुमारे ३,६०० किलोमीटर ८ दिवस ७ तास ३८ मिनिटांत पार केले. वडील, काका, पुतण्या. घरातल्या एकाने खूळ घेतलं की ते ताटातल्या लोणच्यासारखं सगळ्यांच्या वाटणीला थोडं थोडं येतं, हे मला त्या घराकडे बघून पटलं.

अशा माणसांच्या मागे हिवाळे असतात. पाऊस सरला की आपल्याकडे सायकलवाल्यांचा मोसम सुरू होतो. 'बीआरएम' नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या असतात: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. पहिला नंबर कुणालाच मिळत नाही, फक्त वेळेत पोचायचं. फ्रान्समधली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही १८९१ साली सुरू झालेली १,२०० किलोमीटरची फेरी या परंपरेची आजी.

आमचा सराव यापुढे अगदीच घरगुती. आठवड्यात तीन दिवस तीस किलोमीटर, रविवारी सत्तर. शनिवारी वाघोबा खिंड. पालघर–मनोर रस्त्यावरचा हा चढ फार लांब नाही, पण थंड पायांनी तो चढताना मांड्या पेटतात. वर वाघोबाचं ठाणं आहे. येणारी-जाणारी वाहनं तिथे क्षणभर थांबतात, हात जोडतात. आम्हीही थांबतो, श्रद्धेने आणि धाप लागल्यामुळे, दोन्ही कारणांनी.

बाबांचा भागाकार

एवढं सगळं वाचून मी एका रविवारी बाबांना जगफेरीवाल्या तिघांबद्दल सांगितलं. ७१,००० किलोमीटर, म्हटलं. आम्ही खिंडीखालच्या टपरीवर चहा पीत होतो.

बाबा म्हणाले, "माझे किती झाले असतील?"

बाबा २६ वर्षं तारापूर एमआयडीसीत कामाला होते. फर्स्ट, सेकंड, नाइट, सगळ्या शिफ्ट सायकलीवर. काळी सायकल, मागे कॅरिअर, त्याला डबा, चाकाला घासणारा डायनॅमो. येऊन-जाऊन वीस किलोमीटर. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी सहा हजार. भावाने मोबाइलवर गुणाकार केला आणि स्क्रीन फिरवून दाखवला: १,५६,०००. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. बाबा पृथ्वीला जवळजवळ चार फेऱ्या मारून आले होते, तेही कोळगाव आणि बोईसर यांच्या मध्येच.

"आमच्या लायनीत तेव्हा शंभर-दीडशे सायकली असायच्या," बाबा म्हणाले. "कुणी हार घातला नाही बाबा." आणि हसले. त्या हसण्यात तक्रार नव्हती, पण मला ते लागलं.

सायकलीचा आपला इतिहास लिहिताना आपण असाच घोटाळा करतो. जे एकदा दूर गेले त्यांची नोंद राहते. जे रोज जवळ गेले त्यांची राहत नाही. त्या शंभर-दीडशे सायकलींवर किती घरं उभी राहिली, किती पोरं शिकली, मी त्यातलीच एक. सायकल ही त्यांची हौस नव्हती. बसचं भाडं वाचवण्याची ती युक्ती होती.

आणि बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच मिळालं. बिहारमध्ये २००६ साली सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. अर्थतज्ज्ञांनी नंतर तपासलं तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं, आणि शाळा जितकी लांब तितका फायदा जास्त. सायकलीने बाबांना कारखान्यात पोचवलं, तशीच ती कुणाला तरी दहावीत पोचवते.

मी मेसेज पुन्हा लिहिला. आधीच्यात 'आमच्या साहसाला साथ द्या' असं काहीतरी होतं, ते खोडलं. आता एवढंच आहे: 'आमचे बाबा २६ वर्षं सायकलीने कामावर गेले, म्हणून आम्ही शिकलो. डोंगरातल्या काही मुलींना शाळेत जायला सायकल हवी आहे. तो रस्ता किती चढाचा आहे ते आम्ही एकदा स्वतः चालवून बघणार आहोत. तुम्ही एका सायकलीचा वाटा उचलाल का?'

बाबांनी चष्मा लावून तोही वाचला. "चालेल," म्हणाले. मग खिशातून पाचशेची नोट काढून भावाच्या हातात दिली. "पहिली माझी लिहा."

उद्या शनिवार आहे. पाचला तीन गजर वाजतील. खिंडीच्या शेवटच्या वळणावर बाबा अजूनही माझ्या पुढे असतात.